टर्मिनल बंद करताना

"वंदनेला बसलीस ना लुंबिनी, की मागे काही चालू ठेवायचं नाही."

आई गेली, पण तिचं हे वाक्य रोज संध्याकाळी माझ्या कानात असतंच. म्हणून संस्थेतून निघताना मी लॅपटॉप नेमाने बंद करते. मेट्रोने राजधानीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला घरी पोचायचं, पांढरी साडी नेसायची आणि बाबांच्या शेजारी बसून त्रिशरण-पंचशील म्हणायचं. आई गेल्यापासून एकही संध्याकाळ चुकली नव्हती.

चुकत होतं ते भलतंच. यमुनेच्या पुराचं माझं मॉडेल सर्व्हरवर रात्रभर चालायला हवं होतं — आणि रोज सकाळी ते मेलेलं सापडायचं.

"अगं बाई... पुन्हा गेलं!"

"गेलं नाही मॅडम. तुम्ही घालवलंत," टेबलाखालून कुणीतरी चक्क मराठीत बोललं.

मी खुर्चीसकट मागे सरकले. केबलींच्या गुंत्यातून एक डोकं वर आलं — चष्मा नाकावर घसरलेला, केसांत कोळिष्टक. सर्व्हर सांभाळायला नव्याने आलेला संघपाल.

"तुम्हाला मराठी येतं?"

"पहाडगंजच्या मराठी शाळेतला आहे, यार... सॉरी, मॅडम. शब्द मात्र अर्धे विसरलो. हे केसांत आहे, त्याला काय म्हणतात?"

"कोळिष्टक." मला हसू आवरेना. "पण मी कसं घालवलं? कमांडच्या शेवटी ॲम्परसँडचं चिन्ह लावते की. बॅकग्राउंडलाच चालतं ते."

"अच्छा, म्हणजे तुमच्या प्रोग्रामला मागच्या खोलीत पाठवता. पण घर तेच ना? तुम्ही लॅपटॉप मिटला की टर्मिनल, म्हणजे तुम्ही कमांड लिहिता ती खिडकी, बंद. मग त्या घरात सगळ्यांना निरोप जातो — लाइन तुटली, आवरा. मागच्या खोलीतलाही तो ऐकतो... आणि बिचारा तिथेच प्राण सोडतो."

"मग मी घरी जाऊच नको?"

"जा की! फक्त आधी त्याला स्वतःचं वेगळं घर करून द्या." त्याने की-बोर्ड माझ्याकडेच सरकवला. "कमांडच्या आधी लिहा... सेटसिड. आता या टर्मिनलशी त्याचं नातं उरलं नाही. तुम्ही खुशाल हिमालयात जा, त्याला पत्ताही लागणार नाही."

"इतका निर्दयी?"

"निर्दयी कसला? काम तुमचंच करतोय. फक्त तुम्हाला धरून बसत नाही."

त्या संध्याकाळी वंदनेला बसले, तेव्हा पहिल्यांदाच माझ्या मागे काहीतरी चालू होतं... मॉडेलच म्हणतेय मी.

सकाळी ते जिवंत होतं! मी संघपालला चहा पाजला. मग दुसऱ्या दिवशी त्याने. मग कुणी कुणाला पाजायचा याचा हिशेबच राहिला नाही. थंडी पडली, कँटीनबाहेरच्या उन्हात आम्ही शेंगा सोलू लागलो, आणि मी त्याला एकेक विसरलेला शब्द परत देऊ लागले.

एके दिवशी त्याने सोललेले दाणे माझ्यापुढे ठेवले. स्वतः एकही खाल्ला नाही.

"सोमवारी हैदराबादला चाललोय. नवी नोकरी."

"अच्छा," मी म्हटलं.

"रविवारी संध्याकाळी घरी याल? आईला सांगितलंय तुमच्याबद्दल."

"काय सांगितलंय?"

"की एक मुलगी आहे... रोज माझ्या सर्व्हरवर पूर आणते."

"पण संध्याकाळी — माझी वंदना..."

"आमच्याही घरी बुद्धमूर्ती आहे, लुंबिनी." मॅडम गळून पडलं होतं. "आई रोज वंदना घेते. तुझी चुकणार नाही."

"येईन," मी म्हणून गेले. आणि मग मला बाबांचं रिकाम्या चटईशेजारी बसणं दिसलं.

रविवारी दुपारी मी एकच भांडं दोनदा घासलं. शेवटी बाबांनीच विचारलं. मी सगळं सांगितलं — संघपाल, हैदराबाद, अगदी टर्मिनलसुद्धा.

"आई म्हणायची ना बाबा, मागे काही चालू ठेवायचं नाही."

बाबा हसले. किती दिवसांनी! "म्हणायची. आणि स्वतः रोज गॅसवर भात ठेवून बसायची. पाचवं शील म्हणताना एक कान स्वयंपाकघराकडे!"

"पण तुम्ही एकटे..."

"दार ओढलंस की बंद पडणारा वाटलो का मी तुला? तू तिथे म्हण, मी इथे म्हणतो."

मी पांढरी साडी नेसले. बाल्कनीतली दोन शेवंतीची फुलं खुडली. एक मूर्तीपुढे ठेवलं, एक रुमालात बांधलं — त्याच्या आईसाठी. बाबांचा भात मंद आचेवर चढवला.

"भाताकडे लक्ष असू द्या."

"एक कान आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मेणबत्ती पेटवली.

मी दार हळूच ओढून घेतलं. आत त्यांचा आवाज सुरू झाला. जिना उतरता उतरता तो ऐकू येईनासा झाला, तरी माझे ओठ त्यांच्याबरोबर म्हणतच होते. रुमाल छातीशी धरून मी मेट्रोच्या रस्त्याला लागले.