हाक न मारता ठेवलेला पलंग

गिरणीवरून बाजरीचं दळण घेऊन शोभाबाई गल्लीच्या तोंडाशी वळल्या, आणि त्यांचे पाय जागच्या जागी थिजले. त्यांच्या ओट्यावर पलंग ठेवलेला होता! पाठ वर-खाली होणारा, दवाखान्यातला असतो तसा लोखंडी पलंग… पुसलेला, गादी गुंडाळलेली, आणि आजूबाजूला चिटपाखरूही नाही. दळणाचा डबा कडेवरून कधी घसरला आणि पीठ फरशीवर कधी सांडलं, हे त्यांना कळलंही नाही.

“कोन उनं व्हतं वं, दिवलीबाई?” समोरच्या दारात गहू निवडत बसलेल्या शेजारणीला त्यांनी विचारलं.

“टेम्पो उना व्हता, माय. पलंग उतारा नि चालना ग्या. हाक बी नही मारी कोनी.” दिवलीबाईने सूप खाली ठेवलं. “पुढे एक बाई बशेल व्हती. तोंड गुंडाळेल. डोया पुसी ऱ्हायनी व्हती… कोना घरना शे वं हाऊ पलंग?”

शोभाबाईंनी ओट्यापाशी जाऊन पलंगाच्या लोखंडावर हात ठेवला. हाक मारली नाही… त्या एका गोष्टीने सगळं सांगून टाकलं होतं!

नंदुरबारच्या त्या गल्लीत शोभाबाईंच्या घराला कुणी घर म्हणतच नसे, ‘ओटा’ म्हणत. एका वर्षी गल्लीतल्या मंडळाने गणपतीच्या आराशीला फाटा देऊन एक चाकाची खुर्ची आणली, ती ठेवायची कुठे म्हणून शोभाबाईंच्या यजमानांनी, छगनआप्पांनी, पुढची खोली मोकळी करून दिली, आणि मग त्या खोलीत एकेक वस्तू येत गेली. वॉकर आले, कुबड्या आल्या, हवेची गादी आली, पलंग आले, श्वासाचं मशीन आलं. ज्याच्या घरी दुखणं, त्याने यावं आणि घेऊन जावं. जात विचारायची नाही, भाडं घ्यायचं नाही. फक्त वस्तू परत करण्याची एक रीत पडून गेली होती. माणूस बरा झाला की तो स्वतः यायचा, दारात उभा राहून खणखणीत हाक मारायचा, “शोभाबाई, परत आनं बरं!” आणि चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. पण ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरचे लोक वस्तू ओट्यावर ठेवायचे आणि हाक न मारता निघून जायचे. त्या दारातून ‘येतो’ म्हणून निघायचं नाही, एवढंच. मग शोभाबाई काही न विचारता त्या वस्तूवर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि ती उन्हात ओढायच्या. किती जणांची जाणी त्यांना अशी मुक्यानेच कळली होती!

आणि आज… आज हा पलंग! हा कुणाच्या घरून आला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो त्यांच्या हेमकांतच्या घरून आला होता. त्यांच्या एकुलत्या एक लेकाच्या घरून!

पावसाळा सरताना शौकत हा पलंग मागायला आला होता. गल्लीतला वेल्डिंगवाला शौकत हेमकांतचा लहानपणापासूनचा जोडीदार. ओट्यावरच्या खुर्च्यांची मोडलेली चाकं तोच जोडून द्यायचा. जगातलं काहीही जोडता येईल, पण शौकतला खोटं बोलता येत नाही. जमिनीकडे बघत तो म्हणाला, “मावशी, पाठ वर-खाले व्हस तो पलंग दे. एक वळखीना माणूस शे.”

“कोन शे रे?”

“शे कोनी तरी… धडगावना घाटमा जीप पलटनी. मांडीनं हाड मोडेल शे.”

हेमकांत धडगावच्या कचेरीत नोकरीला होता आणि रोज जीपने घाट चढायचा. शोभाबाई काय ते समजल्या… पण त्यांनी नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं, आणि आईने पाठवलेला पलंग हेमकांतने कदाचित घेतला नसता! त्यांनी सगळ्यात चांगला पलंग निवडला, डेटॉलच्या पाण्याने पुसला, वर स्वतःच्या अंगावरची गोधडी घातली आणि म्हणाल्या, “जा. कोन शे ते माले सांगजो नही.”

त्यानंतर शौकत ओट्यापाशी सायकल थांबवून न विचारताच सांगायचा, “मावशी, वळखीना माणूस आज उठी बसना.” शोभाबाई म्हणायच्या, “बरं.” आत जाऊन देवापाशी दिवा लावायच्या आणि पदरात तोंड खुपसून रडायच्या. पोटच्या पोराचं दुखणं, आणि आईला ते परक्या माणसासारखं ऐकावं लागत होतं! गेल्या आठवड्यात मात्र शौकत म्हणाला होता, “वळखीना माणूसले ताप शे, मावशी. पायमा पू व्हयना म्हणतस.” आणि लगेच भाचीच्या लग्नासाठी तो सुरतेला निघून गेला होता.

शोभाबाईंनी आत जाऊन शौकतला फोन लावला. रिंग वाजत राहिली… लग्नघर ते, कोण ऐकणार? हेमकांतचा नंबर त्यांच्याकडे होता, तोंडपाठ होता. पण तो आता उचलणार कोण, या विचाराने त्यांना लावायचा धीर होईना.

त्या रिक्षात बसल्या, ते पायांत चप्पल न घालताच. “कोरीट रोडले चाल, भाऊ,” एवढंच म्हणाल्या.

रिक्षा बाजारातून धावत होती, माणसं भाज्या घेत होती, हसत होती, आणि शोभाबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र एकच संध्याकाळ उभी होती… लाल मिरच्या वाळत घालायच्या पथारीवर राबून राबून आप्पांची छाती पार पोखरली होती. खोलीतलं श्वासाचं मशीन त्यांनाच लावलेलं होतं. त्या दिवशी सकाळी शौकतची आई शहाबानो तडफडू लागली. ओठ निळे पडले. आप्पांनी स्वतःच्या हाताने नाकातली नळी काढली आणि म्हणाले, “तिले दे. हेमू धुळाथून दुसरं लई ऱ्हायना. दुपारलोंग येईच.” शहाबानो वाचली. पण हेमू दुपारी आला नाही! मशीन गाडीत घालून तो दोंडाईच्याला मित्राच्या हळदीत जेवायला थांबला होता, आणि डीजेच्या दणदणाटात त्याला आईचा एकही फोन ऐकू आला नव्हता. तो दारात आला तेव्हा आप्पांना खाली घेतलं होतं.

हातात मशीनचं खोकं तसंच धरून तो ओरडला होता, सगळ्या गल्लीसमोर ओरडला होता, “मन्हा बापना श्वास तू लोकेसले वाटी दिधा! आजथून तू मन्ही माय नही. मन्हा दारमा पाय ठेवू नको!”

आणि शोभाबाई… अहो, एक शब्द पुरला असता! ‘तू कुठे होतास?’ एवढं विचारलं असतं तरी सगळ्या गल्लीने त्याच्याकडे पाहिलं असतं. पण त्यांनी तो शब्द गिळला. नवऱ्याच्या प्रेतापाशी बसून त्यांनी मान खाली घातली आणि सगळा दोष आपल्या ओटीत घेतला. आप्पांचं तेरावं झालं तसा हेमकांत बायकोला घेऊन कोरीट रोडला राहायला गेला. दिवाळ्या आल्या, दिवाळ्या गेल्या; शोभाबाईंच्या दारात अर्ध्या नंदुरबारचे लेक येऊन चहा पिऊन गेले, आणि स्वतःचा लेक तेवढा आला नाही. माणसांनी गजबजलेल्या ओट्यावर एवढं एकटं कुणी असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

रिक्षा थांबली. शोभाबाई वरच्या गॅलरीकडे पाहू लागल्या. दारात माणसं नव्हती, रडारड नव्हती. उंबऱ्याबाहेर चपलांचे दोनच जोड! त्यांच्या मनाने लगेच ठरवून टाकलं… नेलं सुद्धा! आईला न कळवता नेलं. आणि माझ्या पोराला पोहोचवायला माणसंही जमली नाहीत का रे देवा?

जिना त्या हातांनी चाचपत चढल्या. दार ठोठावलं आणि ते उघडायच्या आत तिथेच, उंबऱ्याबाहेर, कोसळून त्यांनी टाहो फोडला, “मन्हा पोऱ्या कोठे शे वं? तोंड तं देखाडतात माले! मी बोलनी नसती वं काही… दूरथून देखी लेती…!”

दार उघडलं. सून रोहिणी भांबावून उभी होती. “आई? अहो आई, काय झालं? रडताय का अशा?”

“माय…”

आतून आवाज आला. शोभाबाईंनी मान वर केली. रोहिणीच्या मागे, भिंतीला एक हात आणि काठीला एक हात लावून, एक माणूस पावलापावलाने पुढे येत होता. गाल बसलेले, दाढी वाढलेली… पण उभा! स्वतःच्या पायांवर उभा!

शोभाबाई उठल्या, आणि त्या थकलेल्या बाईच्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक, दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर मारत सुटल्या. “हाक काब्र नही मारी रे? पलंग ठेवा नि चालना ग्या! मी काय समजू? माले काय वाटनं व्हई…!”

हेमकांतचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच गल्लीत वाढलेला पोरगा तो. आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आत्ता आलं. “माय… मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायनं… देवनी आण, माय!”

“ते गाडीतच होते, आई,” रोहिणी रडत म्हणाली. “ताप उतरला, काल डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तसे म्हणाले, पलंग मी स्वतः नेऊन देतो, आईच्या पाया पडतो. तिथे गेल्यावर मात्र उतरेचनात. दाराकडे बघत बसले आणि म्हणाले, ठेवा तिथे आणि चला. मला रडू आवरेना.”

“कोनता तोंडघाई उतरू?” हेमकांत भिंतीच्या आधाराने खाली बसू लागला, पाय दुमडेना, तशी शोभाबाईंनीच त्याला काखेत धरून सतरंजीवर टेकवलं. “माय, त्या दिनले उशीर मीच कया. माले तव्हाच ठाऊक व्हतं. मशीन मन्हा गाडीमा पडेल व्हतं नि मी हळदमा जेवी ऱ्हायंतू! ते माले सोसाये नही, म्हणीसन तुन्हा नावे ओरडनू… इतला वरीस तुले पापी ठरायं…”

शोभाबाई हळूच म्हणाल्या, “माले बी ठाऊक व्हतं, भाऊ. तुन्हा बाहीले हळद लागेल व्हती.”

“तुले ठाऊक व्हतं? मंग बोलनी काब्र नही?”

“बोलती तं तू कोनवर राग धरता? मन्हावर राग धरीसन तू जगना तरी. सोतावर धरता तं जगता का रे?”

हेमकांतने एवढ्या जोरात हंबरडा फोडला की शेजारची दारं उघडली. रोहिणीने पुढचं दार लोटून घेतलं, चहाचं आधण ठेवलं, आणि चहा उकळून आटला तरी गाळायला तिचा हात उठेना. आत माय-लेक रडत होते. मधेच शोभाबाईंना आठवलं, घर सताड उघडं आहे, ओट्यावर कुणी काही मागायला आलं तर… आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो विचार बाजूला सारला. येणाऱ्याला दिवलीबाई सांगेल काय ते.

थकून हेमकांतने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. शोभाबाई त्याच्या केसांतून हात फिरवू लागल्या. कपाळावरून मागे, कानाच्या वर… हात एकदम थांबला. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. शौकतने ताप सांगितला होता, पाय सांगितला होता, उठून बसल्याचं सांगितलं होतं. आपला हेमू पिकायला लागलाय, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.