आधी चहा, मग पुढचं पान

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. माझा आग्रह नाही.

एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, मध्यरात्रही नाही. जे झालं ते धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, याच वर्षीच्या चैत्रात, भर दुपारी सुरू झालं. चैत्रातल्या दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा बाहेर दिसत नाही. सगळी दारं बंद, सगळे कूलर चालू.

घरात मी एकटी असते. मूलबाळ नाही. आमचे हे, अमृतराव, गेल्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर गेले.

माणूस गेला की त्याचं सगळं चांगलंच आठवतं म्हणतात. मला तर याच माणसाच्या खोड्या आठवतात. ओला टॉवेल गादीवर. चष्मा शोधायला सगळं घर डोक्यावर, आणि चष्मा कपाळावर. चहावर साय दिसली की चमच्याने उचलून बशीच्या कडेला चिकटवायची. ती वाळली की घासताना माझी नखं झिजायची.

आणि वाचन!

बसस्टँडजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून हे रहस्यकथा आणायचे. कव्हर फाटलेल्या, पिवळ्या पडलेल्या. उन्हाळ्यात दुपारी मी स्वयंपाकघरात उडदाचे पापड लाटायची आणि हे बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे. प्रत्येक पान उलटताना अंगठा चाटायचे. च्च... आणि मग पानाचा आवाज. मला किळस यायची. शंभरदा सांगितलं, ऐकतील तर शपथ.

त्याहून वाईट म्हणजे ऐन रंगात आलं की थांबायचे. आता खुनी सापडणार, दार उघडणार, आणि हे गप्प. मग कपावर चमचा वाजवायचे. टिण टिण.

"आधी चहा, मग पुढचं पान."

मी आतून चिडचिड करत चहा टाकायची. गोष्ट कळल्याशिवाय मलाही चैन पडायचं नाही ना.

त्या दुपारीही तसंच झालं. पुस्तकात शेटजींना कोणीतरी दुधातून विष दिलं होतं. घरातल्याच माणसाने दिलं होतं, पण कोणी, ते कळायचं होतं. हे थांबले. चमचा वाजला. मी चहा घेऊन बाहेर आले...

मान कलली होती. अंगठा ओठांवर तसाच होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

ते पुस्तक मी वर्षभर हलवलं नाही. खुर्चीजवळच्या स्टुलावर उघडंच, पालथं. वर त्यांचा चष्मा. झाडताना मी तेवढी जागा सोडून झाडायची.

या चैत्रात पहिल्यांदा एकटीने पापड लाटायला बसले. कोणासाठी, ते विचारू नका. हातांना सवय असते.

लाईट गेली. कूलर बंद पडला. एकदम शांत...

च्च.

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं.

मग पान उलटल्याचा आवाज आला.

मी उठून बाहेर गेले. खोलीत कोणी नव्हतं. चष्मा स्टुलावर बाजूला ठेवलेला. पुस्तक सुलटं. आणि पानाचा खालचा कोपरा... ओला.

खरं सांगू? मी घाबरले नाही. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

मग रोजच व्हायला लागलं. जेवणं उरकली की मी स्वतःच कूलर बंद करायची. घामाने भिजायची, पण ऐकत बसायची. पानं पुढे सरकत होती. फक्त आवाज नव्हता. हे वाचत होते, पण मनातल्या मनात. वर्षभराने आला तो माणूस, आणि गोष्ट एकट्यानेच वाचत बसला. त्याचा मला राग आला.

एकदा पानं थांबली. मग...

टिण टिण.

मी धडपडत चहा टाकला. कप स्टुलावर ठेवला आणि आत येऊन बसले. थोड्या वेळाने पाहिलं तर चहा तेवढाच होता. साय मात्र बशीच्या कडेला चिकटवलेली होती.

ती बशी मी घासली नाही. अजून घासलेली नाही.

तुम्ही म्हणाल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसंच वाटलं असतं. पण माझे थोरले दीर झुलाल नाना, पिंपळनेरला असतात, त्यांची नात भाविका इथे कॉलेजला आहे. ती एकदा दुपारी आली, आतल्या खोलीत आडवी झाली. मी मोरीत भांडी घासत होते. ती झोपेतून उठून आली आणि म्हणाली, "आजी, बाहेर कोण आलंय? केव्हाचा कप वाजवतोय."

मी म्हटलं, शेजारी असेल कोणीतरी. त्यानंतर तिला मी दुपारचं बोलावत नाही.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं. पुस्तकाची उजवी बाजू पातळ झाली होती. थोडीच पानं उरली होती.

पुस्तक संपलं की?

गोष्ट अर्धी राहिली म्हणून हे आले होते. ती पुरी झाली की कशाला थांबतील? पुन्हा ती दुपार, तो कूलर आणि मी.

त्या संध्याकाळी मी शेवटची पानं फाडली. वाचली नाहीत. घडी करून पोह्यांच्या डब्यात, तळाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पानं उलटत गेली... उलटत गेली... आणि थांबली.

मग चमचा वाजला. मी चहा ठेवला. तरी वाजतच राहिला. जोरात. मग पानं उलटी फिरायला लागली, भराभर, सगळं पुस्तक मागे-पुढे. हरवलेलं काही शोधावं तशी.

मी देवासमोर जाऊन बसले. पण पानं दिली नाहीत.

तेवढ्यात आखाजी आली. वर्षभरात माणूस गेला असेल तर आमच्याकडे आखाजीला त्याच्या नावाने नवी घागर भरतात. मग तो पितरांत मिळतो, त्याला वाट मोकळी होते. झुलाल नाना सकाळच्या एसटीने आले. घागर भरली, वर खरबूज ठेवलं. पुरणपोळी, आमरस, सगळं केलं. मग नाना आगारी टाकायला बसले. निखाऱ्यावर घास ठेवून तूप सोडायचं. जाळ भडकला की पितराने घास घेतला.

जाळ भडकला नाही. नुसता धूर...

नानांनी पुन्हा तूप सोडलं. पुन्हा धूर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, धुराचं की भावाचं, कोण जाणे.

"त्याना जीव कशामा अडकेल शे का, माय?"

पोह्यांचा डबा त्यांच्या मागच्याच फळीवर होता.

मी म्हटलं, "नाही, नाना."

संध्याकाळी निघताना नाना दारात थांबले आणि एवढंच म्हणाले, "त्याले तीस लागनी व्हई. घागर आखो भर."

तहान कशाची लागली होती, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दुपारी कूलर बंद केला. बाहेरच्या खोलीत काहीच आवाज नाही. वाटलं, गेले. घागरीने तरी सोडवलं. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

आणि मग स्वयंपाकघरातून आवाज आला...

डब्याचं झाकण.

या माणसाने जन्मात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. साखर कुठे असते ते माहीत नव्हतं त्याला. आत जाऊन पाहिलं, तर पहिल्या फळीवरचे सगळे डबे उघडे. झाकणं शेजारी नीट ठेवलेली. साखरेवर अंगठ्याचा ओला ठसा.

दुसऱ्या दिवशी दुसरी फळी.

त्या संध्याकाळी मी पानं काढून उशीच्या अभ्र्यात घातली.

काल दुपारी माझा डोळा लागला होता. लाईट गेली असावी, कारण शांत झालं आणि मला जाग आली. डोळे उघडले नाहीत.

च्च.

अगदी कानाशी.

मी उशी घट्ट धरून पडून राहिले. तशीच म्हणाले, "मला कळतंय हो. तुम्हाला तहान लागलीय. पण तुम्ही गेल्यावर मी दुपारची काय करू?"

उठले तेव्हा उशीचा कोपरा ओला होता. माझ्या डोळ्यांतल्या पाण्याने म्हणाल, तर मी ज्या कुशीवर झोपले होते त्या बाजूचा नव्हे. दुसरा.

शेटजींना विष कोणी दिलं, मला अजून माहीत नाही. मी कधी वाचणारही नाही.

आज नानांचा फोन आला होता. घागर पुन्हा भरली का, विचारत होते. हो म्हणून सांगितलं.

आता हे लिहितेय, आणि कूलर थांबलाय. लाईट गेली की मीच बंद केला, आठवत नाही.

टिण टिण.

उठते. चहा टाकते.