अण्णांच्या भजनाची फाइल

लालबागच्या भर बाजारात माझ्या पिशवीचा बंद तुटला, तेव्हा आतला सीपीयू मी मांडीवर झेलला. कुणी हसलं नाही. एकाने मात्र विचारलं, "अक्षता... अजून तोच कॉम्प्युटर?"

सुशांत होता. आमच्याच चाळीतला, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या भजनात झांज वाजवणारा. बरीच वर्षं दिसला नव्हता. दाढी ठेवली होती आणि ती त्याला शोभत होती, हे मला उगाचच लक्षात आलं.

"सुरूच होत नाहीये. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल," मी म्हटलं. आणि सीपीयू छातीशी घट्ट धरला. कारण आत अण्णा होते. मी बारावीत असताना आमच्या खोलीत डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याच्या तालमी चालायच्या, त्या मी माइक लावून भरून ठेवल्या होत्या. अण्णांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं आणि आईने एवढंच मागितलं होतं... एकदा ऐकव.

"काही पुसायचं नाही," तो म्हणाला. "पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करू. नवी सिस्टीम पेनड्राइव्हवरच चालते, आपल्या डिस्कला धक्का लागत नाही. हार्ड डिस्क जिवंत असेल तर फाइली दिसतील."

"आणि नसेल तर?"

"तर मी खोटं बोलणार नाही."

संध्याकाळी तो आला. पेनड्राइव्ह काही केल्या आत जाईना. टॉर्च मारून बघतो तर काय, पुढच्या खाचेत हळदकुंकू गच्च भरलेलं.

"दर दसऱ्याला वाहिलंय," आई अभिमानाने म्हणाली.

"काकी, म्हणून तर एवढा टिकला," तो गंभीरपणे म्हणाला आणि मागच्या खाचेत पेनड्राइव्ह लावला. मी हसू लपवायला तोंड फिरवलं. त्याने ते पाहिलंच.

पडद्यावर नुसता काळोख. मग एक ठिपका फिरू लागला आणि फिरतच राहिला. याच पडद्यासमोर माझा बारावीचा निकाल बघायला अख्खा मजला गोळा झाला होता. अण्णा सगळ्यांना मागे सारत होते... मला फार आठवण आली त्यांची.

चौथ्या मिनिटाला निळंशार चित्र उघडलं. मेनू चक्क मराठीत. मी माउस धरला तसा तो घाईने म्हणाला, "ते 'इन्स्टॉल' दाबू नको हां. तेच पुसतं सगळं." त्याचा हात माझ्या हातावर आला आणि... थोडा वेळ राहिला.

फोल्डर उघडलं. सात फाइली. त्याने आधी सातही दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मग पहिली लावली. खोलीत अण्णांचा आवाज उठला, तसाच भरदार. आई पदर तोंडाशी धरून खाली बसली. मी रडले, लाजले नाही.

सहा झाल्या. सातवीची तारीख बघून तो थबकला.

"ही राहू दे... आवाज नीट नाहीये हिच्यात."

"तुला काय माहीत?"

 त्याचे कान लाल झाले. मी लावलीच.

गजर रंगात आला होता. मध्येच झांज भलतीकडे गेली, मृदंग थांबला आणि अण्णा म्हणाले, "रे सुशांता, ताल खय गेलो तुझो? गॅलरीत काय बघतस? चेडवाकडे मागसून बघ, आदी झांजेकडे बघ."

मुलीकडे नंतर बघ, आधी झांजेकडे... कोरस खो खो हसला. गॅलरीत तेव्हा मी होते, मैत्रिणीशी गप्पा मारत. मला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं, आणि ती फाइल मी नंतर कधी लावलीच नव्हती.

आई उठली. "दूध उतू जाईल," म्हणत ओट्याकडे गेली. गॅसवर दूध नव्हतं.

"अण्णांना माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्या मंडळाला माहीत होतं. तुला सोडून."

"मग बोलला का नाहीस?"

"अण्णा आमचे बुवा, माझे गुरू होते गं. मागसून बघ म्हणाले..." तो पडद्याकडेच बघत राहिला. "मग तू पुण्याला गेलीस नोकरीला. पण माझं बघणं काही सुटलं नाही, अक्षता."

मी पडदा बंद केला. स्टूल त्याच्यासमोर ओढून बसले.

"आता बघ," मी म्हटलं.