रानगव्हाची सोयरीक

“मॅडम, ह्या ओंबीला आजच पिशवी बांधा. रानगहू सांगून गळत न्हाई.”

लातूरजवळच्या गहू संशोधनाच्या वावरात संशोधक म्हणून तनुजाचा तो दुसराच दिवस. सांगणारा राजशेखर तिथला क्षेत्र सहायक, उदगीरकडचा. तिनं हसून सोडून दिलं. शेतकऱ्याची पोर ती. पिकल्याबरोबर ओंबी सोडून पळणारा गहू तिनं जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी ओंबीच्या जागी नुसती काडी… आणि राजशेखर भेगाळलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसलेला. रागावला नाही. नुसती एक वाटी तिच्याकडे सरकवली. ऊन डोक्यावर येईस्तोवर दोघं दाणे वेचत राहिले. एकाच भेगेत दोघांची बोटं दोनदा गेली. दोन्ही वेळा तिनंच आधी मागं घेतली.

“एवढं काय हो ह्या गवतात?”

“आपले गहू सगळे एकाच भावकीतले. तांबेऱ्याचा रोग आला की सगळ्यांनाच धरतो. ह्याला न्हाई धरत. म्हणून बाहेरची सोयरीक करायची.”

“पत्रिका बघता?”

“न्हाई. मुलगी ऐकणारी हाय का, तेवढं बघतो.”

पुढच्या हिवाळ्यात ती प्रत्येक पिशवीची गाठ दोनदा तपासू लागली. गव्हाच्या ओंबीतले पुंकेसर ती चिमट्यानं काढायची, दोन दिवसांनी तो त्यावर रानगव्हाचे पराग सोडायचा. तेवढा वेळ ती ओंबी धरून त्याच्याजवळ उभी राहायची… वाऱ्यानं हलू नये म्हणून, असं ती म्हणायची.

असल्या सोयरिकीचा दाणा झाडावर जगत नाही. पंधराव्या दिवशी त्यातला इवलासा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. ती तारीख राजशेखरनं भिंतीवर लाल शाईनं लिहून ठेवली होती.

आणि त्याच दिवशी तो आला नाही.

“बरा हाय,” फोनवर म्हणाला. “तुम्ही उरकून घ्या.”

तिनं ओंबी हातात घेतली, सुरी उचलली. मग वाटलं, वर्षभर जपलेला दिवस हा माणूस असा सोडेल? सांगून गळत न्हाई… त्याचेच शब्द तिला आठवले. ओंब्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं फ्रीजमध्ये ठेवल्या आणि स्कूटी काढली. गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीत एकेक ऑटो तिला मुद्दाम आडवा येत होता.

त्याच्या भाड्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं. तो चटईवर, तापानं फणफणलेला. पाण्याची घागर तीन हातांवर होती, पण तिथवर जायचं बळ अंगात नव्हतं.

“ओंब्या…?”

“उद्यापर्यंत थांबतील त्या. तुम्ही थांबला असता का?” तिनं पेला त्याच्या ओठांना लावला. “बरा हाय म्हणे.”

“तुमाला काळजी नको म्हणून…”

“मला ती पाहिजे. जन्मभर पाहिजे.”

त्यानं पेला बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, “पत्रिका?”

“मुलगा ऐकणारा आहे का, तेवढं बघते. चला, दवाखान्यात.”

तो निमूट उठला, तिच्या खांद्यावर हात टाकून.

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं गर्भ काढले. बहुतेक काळे पडले. एका नळीत मात्र पाचव्या दिवशी हिरवं टोक आलं. ते त्याला दाखवायला ती फोटो घेऊन दवाखान्यात धावली.

तुमच्याही ओळखीत असेल कुणी, गावापासून लांब खोली करून राहणारं, फोनवर ‘बरा हाय’ म्हणणारं. हे वाचून झालं की जरा त्यांच्या दारापर्यंत जाऊन या. नुसता फोन नको.