देवाच्या खांद्यावरचे कळे

"चाय घेव की नको, ह्यां सुदिक बापाशीक इचारून सांगतलो!" पेटीत आंब्यांखाली गवत दाबता दाबता हौसाबाई पुटपुटली.

शेजारी बसलेल्या सुगंधाने मान वर केली. मुंबईच्या आगबोटीसाठी पेट्या न्यायला आलेला बागायतदार अप्पांचा लवू खरंच चहाच्या कपाकडे बघत उभा होता. खांदे रुंद, नजर सशाची.

"घे रे," ती म्हणाली. "तुझो बापूस काय कपात बसूक नाय."

तो हसला. चोरून... पण हसला.

मग तो रोज येऊ लागला. तिने नीट लावलेल्या पेटीतला एक आंबा हळूच तिरका करून ठेवायचा.

"ह्यो वाकडो कोणी केल्यान?"

"तू बोलूचंस म्हणान—"

सुगंधाचा बाप महादू तांडेल. त्याने लेकीच्या हाती लहानपणीच सुकाणू दिलं. होडी वाळूत रुतली की पोट धरून हसायचा. लवूला मात्र अप्पांनी कधी चुकूच दिलं नव्हतं.

"आज अप्पांका सांगतंय," लवू म्हणायचा.

"खरां?"

"...उद्या."

आंबा संपत आला. आभाळ काळवंडलं, मचवे किनाऱ्यावर ओढून घेतले. शेवटी महादूच लग्नाचं बोलायला अप्पांकडे गेला. अप्पा 'नाय' म्हणाले नाहीत. "देवाक इचारूया," म्हणाले.

देवळात गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलांचे ओले कळे चिकटवले. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. "झिला, तुझ्या मनात काय आसा तां आधी देवाक सांग," तो लवूला म्हणाला.

लवूने अप्पांकडे पाहिलं. अप्पा समईकडे बघत होते. लवूचे ओठ हलले... मिटले.

गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं. समईची वात तडतडली. बऱ्याच वेळाने डावा कळा सुटला, अलगद, कुणाला लागू नये असा.

मंडपात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "देवाची इच्छा," अप्पा म्हणाले. हौसाबाईने पदर नीट केला. महादू खांबाकडे वळला.

"देवानच नाय म्हटल्यान गो," लवूचे डोळे भरले होते. "मी काय करू?"

सुगंधाला वाटलं, त्याचे डोळे पुसावेत. हात अर्ध्यावर गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला.

"देवाक मधी घालू नको, लवू," ती सगळ्यांदेखत, अगदी मायेने म्हणाली. "तू बापाशीक भियातस."