अकरावा दगड

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, ओल्या वाळूतल्या एका काळ्या गोट्यावर दोन हात एकाच वेळी पडले. एक अक्षयाचा. दुसरा कुणा अनोळखी तरुणाचा, बोटांच्या पेरांत इंजिनाचे तेल मुरलेला.

"घ्या," हात मागे घेत तो म्हणाला. "तुमच्यासाठीच निवडत होतो."

"आणि तुम्हाला?"

"मला दगड लागत नाही."

त्याचे नाव सिद्धेश. धक्क्यावर तो होड्यांची इंजिने दुरुस्त करी आणि रविवारी सत्यवान सरांच्या तांड्यात सर्वांत मागे चाले. सर तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवून निवृत्त झालेले. बंदरातले मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर लादून ज्या वाटेने घाटावर जाई, ती वाट त्यांनी नकाशावर पुन्हा आखली होती. तीन रविवार, तीन टप्पे. काही अंतर जिपांनी, काही पायी, आणि शेवटी घाट. बैलवाल्यांची रीतही सरांनी जपली होती. निघताना प्रत्येकाने तिथलाच एक दगड उचलायचा आणि मुक्कामी पोचल्यावर वाटेवरच्या देवापुढे ठेवायचा. जितकी माणसे, तितके दगड. ज्याचा दगड शेवटी पडेल, त्याने सर्वांना चहा करून द्यायचा.

अक्षया कुडाळची, काजूच्या कारखान्यात प्रतवारी करणारी. नावनोंदणीत तिने आडनाव लिहिले नाही आणि कुणी विचारलेही नाही. तीन वर्षांपूर्वी सरांच्याच तांड्याबरोबर चालताना याच घाटात तिचा थोरला भाऊ जितेंद्र गेला होता. अकरा जण चढले, वर अकरा दगड मोजले गेले, धुके दाटले म्हणून दोन्ही जिपा घाईने निघाल्या. पहिल्या जिपेला वाटले तो दुसरीत आहे. दुसरीला वाटले तो पहिलीत. तासाभराने चहाला थांबल्यावर उमगले. सकाळी त्याचा देह दरीत सापडला. कागदावर 'पाय घसरून' एवढेच लिहिले गेले. पण जो वर पोचलाच नाही, त्याचा दगड वर कुणी ठेवला? ते शोधायला ती आली होती. प्रेमात पडायला नव्हे.

पण मन काही प्रतवारीच्या चाळणीतून गाळून घेता येत नाही. पहिल्या रविवारी तिच्या पायाला फोड आला, तेव्हा सिद्धेशने खिशातून चिकटपट्टी काढली आणि तिच्याकडे न पाहता पुढे केली. दुसऱ्या रविवारी ती मुद्दामच मागे रेंगाळली. तुम्ही असे सावलीसारखे मागे का चालता, असे तिने विचारले, तर तो म्हणाला, सावलीला चहा करावा लागत नाही. ती हसली. त्याच्याही ओठांच्या कडा हलल्या... आणि लगेच मिटल्या. हे हसू अर्ध्यावर कोण अडवते, या विचारात तिचा तो आठवडा गेला. कारखान्यात अख्खे काजू आणि तुकडा तिने दोनदा एकाच पेटीत टाकले.

तिसरा रविवार उजाडला तो मळभ घेऊनच. जानेवारीत असे आभाळ म्हणजे आंब्याच्या मोहोराला मरण. जिपेतून जाताना दुतर्फा बागा दिसत होत्या आणि माणसे माना वर करून उभी होती. पायथ्याच्या ओढ्यातून अकरापैकी दहा जणांनी दगड उचलले. सिद्धेशने आपली मोटारसायकल तिथेच लावली होती. माथ्याच्या अलीकडूनच तो नेहमी त्याच वाटेने एकटा खाली परते. जिपा वळणाच्या रस्त्याने वर जाऊन थांबणार होत्या.

निम्म्या चढावर बारीक पाऊस सुरू झाला. जांभ्याच्या झिजलेल्या पायऱ्यांवर शेवाळ ओले होऊन चमकू लागले. इतर पुढे गेले होते. अक्षया दम खात थांबली आणि तिने आपला दगड त्याच्यापुढे धरला.

"न्या ना माझाही. नाहीतर आज चहा माझ्याच गळ्यात."

त्याने हात असा मागे ओढला, जणू तिच्या तळव्यावर निखारा होता. "नको. कुणाचा दगड मी नेत नाही."

"एवढासा तर आहे."

"नको म्हटलं ना."

त्याचा आवाज चिरका झाला होता. तिने त्याच्या बोटांकडे पाहिले. इंजिनातला केसाएवढा स्क्रू उचलणारी ती स्थिर बोटे आता मुठीत घट्ट आवळलेली होती. तो दगड याच हातांनी वर नेला असेल का, अशी शंका अक्षयाच्या मनात उभी राहिली. हे उत्तर आपल्याला नको आहे, दुसऱ्या कुणाचेही नाव निघो, असे तिला फार तीव्रतेने वाटले... तरीही तिने विचारले.

"जितेंद्र माझा भाऊ. त्या दिवशी वर अकरा दगड होते. त्याचा कुणी ठेवला?"

पाऊस पानांवर वाजत राहिला. त्या दिवशीचे कुणीच काही पाहिले नव्हते. 'ठाऊक नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. सिद्धेशच्या तोंडची आतापर्यंतची शुद्ध मराठी मात्र गळून पडली आणि घरची मालवणी आली.

"मी ठेवलंय."

तो त्या पायरीवरच बसला. जितेंद्राच्या बुटाचा तळ सुटला होता, इथेच. बांधतो आणि येतो, असे म्हणून त्याने हसत आपला दगड सिद्धेशच्या हातात दिला होता.

"तो म्हणालो, वर नेऊन ठेव, नायतर चाय माकाच करूची लागतली. मी दोनय दगड ठेवलंय. धुक्यात कोण जिपेत चढलो, कोण नाय... माका दिसाक नाय. मगे कोणी इचारल्यान नाय. आणि मी सांगूक नाय."

"तीन वर्षं," अक्षया म्हणाली.

"होय."

"माझी आई अजून म्हणते, मोजणाऱ्यानं खोटं मोजलं. सरांना शाप देते ती."

त्याने चेहऱ्यावरचे पाणी पुसले. मग म्हणाला, "तुम्ही चला पुढे. मी मागून येतो."

ती चढली. पायऱ्या तिला दिसत नव्हत्या. पाऊस आणि डोळे यांतले ओले कुठले, हेही कळत नव्हते. राग आला होता, पण तो धरायला गेली की हाती लागे ती चिकटपट्टी पुढे करणारी बोटे.

माथ्यावर देवापुढे नऊ दगड होते. तिने दहावा ठेवला. सरांनी दगड मोजले आणि मग नावे पुकारली. त्या अपघातानंतर ते दोन्ही करत. दहा दगड, दहा नावे. वहीत शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिले : सिद्धेश, परत पायथ्याला. त्याचा दगड धरायचा नाही, हा आता हिशेबच झाला होता. खालून धुके चढू लागले. जिपा सुरू झाल्या.

तीन वर्षे एक वाक्य अक्षयाच्या छातीत अडकून होते. त्या दिवशी इथे कुणीतरी म्हणायला हवे होते ते वाक्य.

"थांबा, सर," ती म्हणाली. "एक कमी आहे."

"सिद्धेश खाली जातो नेहमी."

"अकरा निघालो होतो. अकरा झाल्याशिवाय गाड्या हलवू नका."

सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, वही मिटली आणि चालकांना इंजिने बंद करायला सांगितली.

अक्षया उतरून आली तेव्हा सिद्धेश त्याच पायरीवर होता, गुडघ्यांत मान घालून, चिंब. तिची पावले ऐकूनही त्याने वर पाहिले नाही.

"माफ केलं, असं सांगायला आले नाही," ती म्हणाली. "ते मला जमेल की नाही, ठाऊक नाही. तुम्हाला कुडाळला यावं लागेल. आईसमोर बसून हे सगळं पुन्हा सांगावं लागेल. सरांवरचा तो शाप उतरवावा लागेल."

"येईन."

"मी असेन शेजारी." ती एक पायरी खाली आली. "आता उठा. वर एक दगड कमी आहे."

"कोणाचो?"

तिने वाकून पायरीकडेचा एक खडबडीत जांभ्याचा तुकडा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मग त्याची बोटे एकेक करून मिटवली – आणि क्षणभर आपला हात त्यांच्यावर तसाच राहू दिला.

"तुझो," ती म्हणाली.

ती पुढे निघाली. पावसाच्या आवाजात कान देऊन चालत राहिली आणि चार पायऱ्यांनंतर मागून त्याची पावले ऐकू आली. वळून न पाहता तिने ती मोजायला सुरुवात केली.