डेल्फिनाचं उरलेलं पाणी

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिकमध्ये उतरतं तेव्हा चक्रीवादळ अगदी बापुडवाणं असतं. ढगांचा एक विस्कळीत पुंजका, ना डोळा, ना आवेश. केप व्हर्द बेटांवरच्या वळण केंद्रात त्याला ‘बाळवादळ’ म्हणत, आणि ते बाळ असतानाच त्याचं पुढचं सगळं ठरवून टाकत. भोवरा सोडताना दोरीला किंचित हिसका बसला की तो भलतीकडेच जातो, तसाच हा प्रकार. ढगांच्या एका कडेवर ड्रोनमधून बारीक पूड टाकायची. त्या कडेला पाऊस जरा लवकर पडतो, पावसाबरोबर हवेत उष्णता मोकळी होते आणि वादळाचं केंद्र पाच-दहा कोस बाजूला सरकतं. नवव्या दिवसापर्यंत त्या पाच-दहा कोसांचे हजार किलोमीटर झालेले असतात. मात्र हा ‘हिसका’ पहिल्या चाळीस तासांतच द्यायचा. त्यानंतर वादळ कुणाच्या बापाला जुमानत नाही.

अकरा वर्षांत केंद्राने तेवीस वादळं वळवली होती. वळवलेल्या वादळाने एकही माणूस मारलेला नाही, असं दारातल्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, आणि पाहुणे त्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत.

केंद्राची प्रमुख होती ओवी मायदेव. आज तिच्या पडद्यावर चोविसावं बाळवादळ होतं, हिसक्याला दोन तास उरले होते आणि समोरच्या खुर्चीत तिचा मेहुणा अद्वैत बसला होता. ओवीची थोरली बहीण जुई महिन्यापूर्वी आयर्लंडमधल्या त्यांच्या घराच्या तळघरात पुराच्या पाण्यात बुडून गेली होती. अद्वैतने ते पाणी बाटलीत भरून आणलं होतं.

“यात तुमची खूण आहे का, एवढंच सांग,” तो म्हणाला.

वादळ कुठवर पोचलं ते त्याच्या पावसावरून कळावं म्हणून त्या पुडीत एक निरुपद्रवी रसायन मिसळलेलं असे. त्यालाच ते ‘खूण’ म्हणत. ओवीने यंत्रात थेंब टाकला. खूण होती, आणि भरपूर होती.

“म्हणजे हे तुमच्याच डेल्फिना वादळाचं पाणी.”

“डेल्फिना बारा तारखेलाच संपलं होतं, भावोजी.”

“संपलं म्हणजे काय गं?”

“वाऱ्याचा वेग ताशी त्रेसष्ट किलोमीटरच्या खाली आला की आम्ही शेवटचं पत्रक काढतो. नकाशा तिथं थांबतो. पुढे उरतात ते अवशेष. त्यात वारा नसतो, पण पाणी बहुतेक तसंच असतं. ते कुठेतरी अडकून बसतं.”

“आमच्या डोक्यावर बसलं. साडेतीन दिवस.”

ते पत्रक ओवीनेच लिहिलं होतं, आणि त्यानंतर घरी जाऊन ती स्वस्थ झोपली होती. तिला स्वतःची किळस आली.

“जुईच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलंय, पाऊस,” अद्वैत म्हणाला. “पाऊस तिथं बारा महिने पडतो. तिला तुमच्या वादळाने मारलं. तसं लिहून दे.”

“देते. पण ज्या क्षणी सही करेन त्या क्षणी हिसके बंद. वळवलेल्या वादळाने एक जरी माणूस गेला तरी चौकशी संपेपर्यंत दुसरं वळवायचं नाही, असा कायदा आहे.” तिने पडदा त्याच्याकडे फिरवला. “हे बाळ असंच सोडलं तर नवव्या दिवशी हैतीच्या किनाऱ्यावर जाईल. पत्र्याची घरं आहेत. चार हजार जातील.”

“तिथं तुझं कोण आहे?”

“कुणी नाही.”

“आणि आमच्याकडे कोण होतं?”

“मी डेल्फिनाचा पुढचा नकाशा काढलाच नव्हता,” ती म्हणाली.

“काढता येत नाही?”

“येतो. काढत नाही. एकदा दिसलं की माहीत होतं, आणि माहीत झालं की हिसका द्यायला हात धजत नाही.”

“याचा काढ.”

तिने काढला. हिसका खाल्लेलं वादळ हैतीला वळसा घालून उत्तरेला गेलं, भर समुद्रात थकलं, वारा पडला. उरलेलं पाणी मात्र पोर्तुगालच्या डोंगरातल्या एका खोऱ्यावर जाऊन थांबलं, चौदाव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत. खोऱ्यात नदीकाठी एकच गाव होतं, वाल द मोरा. वस्ती तीनशे बारा.

“त्यांना कळव.”

“पाऊस येणार हे त्यांना तिथलं हवामान खातंही सांगेल. पावसासाठी कुणी घर सोडत नाही, भावोजी, तुम्हीही नाही सोडलंत. वादळ म्हटलं तरच सोडतात. आणि ते वादळाचं पाणी आहे म्हटलं, की जुईही वादळानेच गेली असं होतं, आणि मग हा हिसका देता येत नाही.”

“मी काही तुमच्या केंद्राचा नोकर नाही.” त्याने फोनवर गावातली खानावळ शोधली आणि नंबर लावला. ओवीने त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं, कुणीतरी हे तिच्या हातून काढून घेत होतं.

फोन एका बाईने उचलला. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण आवाज मोकळा. दोन आठवड्यांनी तुमच्याकडे फार मोठा पाऊस येणार आहे, असं अद्वैत म्हणाला. बाई हसलीच. मार्चपासून थेंब नाही, विहिरीचा तळ दिसतोय, येऊ दे की, म्हणाली. मग जराशी थांबली.

“नुसता पाऊसच ना?” तिने विचारलं. “वादळ नाही ना?”

अद्वैत पडद्यावरच्या हैतीच्या किनाऱ्याकडे बघत राहिला. बाईने दोनदा हॅलो म्हटलं.

“नाही,” तो म्हणाला. “पाऊसच.”

बाईने त्याचे आभार मानले. अद्वैतने फोन ठेवला. ओवीने ड्रोन सोडले, पूड पडल्याची नोंद पडद्यावर आली, तोवर तो तिथंच बसून होता. मग तो उठला.

“जुईचं राहू दे,” तो म्हणाला. “दाखल्यावर जे आहे तेच बरं.”